किल्ली देण्याआधी मीटरचा फोटो: भाड्याचं घर सोडताना बिलांची तयारी

घर सोडायची तारीख पक्की झाली की सगळं लक्ष खोके, टेंपो आणि नव्या घराच्या साफसफाईकडे जातं. त्यातलं इथे काही नाही, ते ज्याचं त्याला जमतं. ही यादी फक्त बिलांची आहे. घर सोडून महिना-दीड महिना झाला की मालकाचा मेसेज येतो, ‘लाइट बिल जास्त आलंय, डिपॉझिटमधून कापतोय’, आणि तेव्हा आपल्या हातात दाखवायला काहीच नसतं. ती वेळ येऊ नये म्हणून आधी काय काय करून ठेवायचं ते सांगते. पुण्या-मुंबईकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे डोळ्यांसमोर आहेत, बाकीच्यांनी आपल्याला लागू पडेल ते घ्यावं. आणि बाकी सगळं विसरलात तरी एक विसरू नका: किल्ली हातातून सुटण्याआधी विजेच्या मीटरचा फोटो. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

महिनाभर आधी करार काढून वाचा. ‘वीज, पाणी, गॅसची बिलं लायसन्सीने भरायची’ (लायसन्सी म्हणजे राहणारे तुम्ही) एवढं एकच वाक्य बहुतेक करारांत असतं. कोणत्या तारखेपर्यंतची भरायची, शेवटचं बिल कसं वाटून घ्यायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, याबद्दल एक अक्षर नसतं. आता करार बदलता येणार नाही, पण मेसेजवर ठरवून घेता येतं. मालकाला सरळ लिहा: ‘अमुक तारखेला ताबा देणार आहे, त्या दिवसाच्या मीटर रीडिंगपर्यंतचं बिल माझं, पुढचं तुमचं.’ त्यांचं ‘ओके’ आलं की स्क्रीनशॉट काढा. फोनवर बोलणं झालं असेल तरी नंतर मेसेज टाकाच, कारण दोन महिन्यांनी फोनवरचं कुणालाच आठवत नाही. करार नोंदवलेला नसेल तर मालक त्याचीच भीती घालतो, तेव्हा हे लक्षात ठेवा: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हा आधार मोठा आहे. पण तिथवर प्रकरण जाण्यापेक्षा एक मेसेज हजारपट बरा.

मग बिलं. महावितरणच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट (तुमच्या भागाच्या कार्यालयाचा क्रमांक, विजेचे युनिट नव्हे) लिहून ठेवा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असेल तर त्यांचा खाते क्रमांक. हे का, तर लॉगिन नसतानाही या क्रमांकावर महावितरणच्या वेबसाइटवर बिल बघता येतं. घर सोडल्यावर मालक म्हणाला ‘सव्वीसशे आलं’, तर ते खरंच आलं का हे बघायची वाट एवढीच उरते. मागच्या सहा महिन्यांची बिलं उतरवून घ्या आणि प्रत्येकावर दोन गोष्टी बघा: रीडिंगच्या तारखा, आणि चालू रीडिंगच्या रकान्यात आकडा आहे की ‘लॉक्ड’, ‘आरएनए’ असलं काहीतरी छापलंय. आकडा नसेल तर ते बिल सरासरीचं आहे. म्हणजे तुम्ही भरलेत ते अंदाजाचे पैसे, खरा हिशोब पुढे कधीतरी रीडिंग मिळेल तेव्हा. ते ‘पुढे कधीतरी’ तुम्ही गेल्यावर येतं, आणि चार महिन्यांच्या फरकाचं बिल मालकाच्या हातात पडतं. त्याला तुमच्यावर संशय येणारच, आणि त्यात त्याचंही फार चुकत नाही. म्हणून बिलावर सरासरी दिसली तर आत्ता, राहता आहात तेव्हाच, मालकाच्या खात्यावरून महावितरणच्या अॅपवर रीडिंग पाठवा किंवा कार्यालयात जाऊन बिल दुरुस्त करून घ्या. तक्रार मालकाच्या नावाने करावी लागेल, कारण कंपनीच्या लेखी ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. त्याच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

आता मीटर. आपला मीटर कुठला हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? बहुतेकांना नसतं. पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली कुलूपबंद जाळीत वीस-पंचवीस मीटर ओळीने असतात, त्यांवर कुणीतरी कधीतरी ऑइल पेंटने फ्लॅट नंबर घातलेले असतात, आणि मीटर बदलला की नंबर तसाच राहतो. त्यावर विश्वास ठेवू नका. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो, तोच मीटरच्या तोंडावर कोरलेला किंवा स्टिकरवर दिसला पाहिजे. मग खात्री अशी करा: एक जण खाली उभा, एक जण घरात. घरात गीझर लावा, मीटरवरचा बारका लाल दिवा भराभर लुकलुकायला लागतो. मेन स्विच बंद करा, दिवा थांबला पाहिजे. मेन बंद असूनही लुकलुकत राहिला तर मुख्य शक्यता दोन: मीटर दुसऱ्याचा आहे, किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचं काहीतरी चालतंय. जिन्यातला दिवा, वरच्या मजल्याचा पंप, काहीही. असं निघालं तर लगेच मालकाला व्हिडिओ पाठवा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण यात वायरमन लागतो आणि वायरमन सांगितल्या दिवशी येत नाही. खरं तर ही तपासणी घरात येतानाच करायची असते. नव्या घरात तरी पहिल्याच दिवशी करा.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ताबा द्यायच्या दिवशी, सामान निघून गेल्यावर, किल्ली देण्याआधी: रीडिंग, फोटो, मेसेज. मागच्या घरी माझं नेमकं हेच राहिलं. किल्ली एजंटकडे ठेवून निघाले, मीटरकडे गेलेच नाही. पुढच्याच आठवड्यात मालकाने स्वयंपाकघराचा ओटा आणि न्हाणीघराच्या फरशा बदलायला घेतल्या, दिवसभर फरशी कापायचं मशीन चालू. महिन्याचं बिल आलं आणि निम्म्याहून जास्त माझ्या डिपॉझिटमधून गेलं. काम चालू होतं हे मालकालाही मान्य होतं. पण माझे युनिट किती आणि मशीनचे किती, हे दाखवायला ना त्याच्याकडे काही होतं ना माझ्याकडे. ज्याच्या हातात डिपॉझिट त्याचं खरं ठरलं.

फोटो कसा काढायचा तेही नीट वाचा, कारण अर्धवट फोटो म्हणजे फोटो नाहीच. मीटरचा पडदा काही सेकंदांनी बदलत राहतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी (एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज), आणि मध्येच कधीतरी एकूण युनिट. आपल्याला फक्त ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजे युनिट) असं शेजारी दिसतं तो आकडा हवा. घाईत कमाल मागणीचा फोटो काढून निघून आलेले लोक मला माहीत आहेत. म्हणून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, सगळे आकडे एकदा फिरून जाऊ द्या, आणि त्यातच मीटर क्रमांक दिसेल असा कॅमेरा धरा. फ्लॅश बंद ठेवा, काचेवर चमकून आकडा पुसला जातो. जाळीला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे किंवा सेक्रेटरीकडे. ती आदल्या दिवशी मागून ठेवा. वॉचमनची ड्यूटी बदलली आणि किल्ली मिळाली नाही, म्हणून फोटो राहिला, हे कारण चालणार नाही. मालक समोर असेल तर त्यालाही बघू द्या आणि ताबा दिल्याच्या कागदावर रीडिंग लिहून दोघांनी सह्या करा. तो गावाला असेल, किल्ली एजंटकडे द्यायची असेल, तर आधी व्हिडिओ मालकाला पाठवा, खाली आकडा टाइप करा, ‘पोचलं’ असं उत्तर येऊ द्या, आणि मगच किल्ली सोडा. नुसते दोन निळे टिक पुरेसे नाहीत, उत्तर मागा. परत सांगते: आधी रीडिंग, नंतर किल्ली.

एवढा आग्रह का, ते आकड्यात बघा. समजा बिलाच्या महिन्याच्या सुरुवातीला रीडिंग ४२१० होतं. तुम्ही अठराव्या दिवशी सोडलंत तेव्हा ४२६८, कारण शेवटचे दिवस सगळं खोक्यात होतं. महिन्याच्या शेवटी ४४५२, कारण नंतर घरात काम निघालं. एकूण २४२ युनिट, त्यातले तुमचे ५८. बिल २,६०० रुपये आलं. मालक दिवसांवर वाटणी करतो: तीसपैकी अठरा, म्हणजे १,५६० तुमचे. युनिटवर केली तर सुमारे ६२३. रीडिंग नसेल तर तुम्हाला दिवसांचा हिशोब मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ६२३ हासुद्धा तुमच्या बाजूने ताणलेला आकडा नाही. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरेच महाग. तुमचे ५८ पहिल्याच टप्प्यात बसतात, महाग टप्पा नंतरच्या कामाने आला. हे मालकाला शांतपणे समजावून बघा. स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम) मात्र दिवसांवर वाटणं रास्त आहे, त्यावर घासाघीस करू नका. खोल्या भाड्याने देणाऱ्यांकडे सबमीटर (मालकाने त्या खोलीपुरता लावलेला वेगळा मीटर) असतो आणि युनिटला ठरावीक भाव. तिथे हिशोब सोपा, पण रीडिंग तिथेही घ्यायचंच.

शेवटच्या बिलात तुमचं नसलेलंही काही घातलं जातं, ते ओळखायला शिका. एप्रिल-मेच्या सुमारास महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती ठेव ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर जमा राहते, तिच्यावर व्याजही त्यालाच मिळतं. ती तुम्ही भरायची नाही. आधीच भरली असेल, बिल आलं म्हणून मुकाट्याने भरणारे पुष्कळ असतात, तर पावती शोधा आणि डिपॉझिटच्या हिशोबात परत मागा. तसंच सोसायटीचे ना-भोगवटा शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात. मालक स्वतः राहत नाही म्हणून ते त्याला लागतं, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावताही येत नाही. करारात तुम्ही स्पष्ट कबूल केलं नसेल तर ते तुमच्या माथी मारू देऊ नका. तुम्ही राहायला यायच्या आधीची थकबाकी असेल तर घरात शिरतानाचं बिल काढून दाखवा. ते नसेल तर अवघड आहे.

पाइपचा गॅस असेल तर तिथेही हाच प्रकार, फक्त बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे घोळ जास्त लांबतो. मीटर स्वयंपाकघरातच असतो, तरी कुणी बघत नाही. रीडिंगवाला आला तेव्हा घर बंद होतं की अंदाजाचं बिल येतं. काळे आकडे पूर्ण घनमीटर, लाल आकडे दशांश. फोटोत दोन्ही येऊ द्या. सिलिंडर असेल तर तुमच्या नावाचं कनेक्शन तुम्ही हलवायचं, मालकाचं असेल तर भरलेला किती आणि रिकामा किती ते ताब्याच्या कागदावर लिहा.

सोसायटीचं: टँकरच्या पाण्याची वर्गणी काढली जाते का विचारा, ती बऱ्याचदा महिना उलटल्यावर मागतात. सामान बाहेर न्यायला ना-हरकत लागते, गेटवर टेंपो अडवतात, म्हणून चार दिवस आधी घ्या. त्याच पत्रावर ‘येणे बाकी नाही’ लिहून मागा. इंटरनेट: राउटर परत करा, पावती घ्या. केबल, पेपर, दूध: तुम्हाला माहीत आहे.

डिपॉझिट. मालक म्हणेल बिल येईपर्यंत सगळं थांबवतो. नाही म्हणा. शेवटच्या तीन बिलांच्या सरासरीइतकी रक्कम थांबवायची, बाकी किल्लीबरोबर परत, आणि थांबवलेल्याची तारीख लेखी. बिल आलं की स्वतः वेबसाइटवर बघा, रीडिंग तुमच्या फोटोशी ताडा, हिशोब लिहून पाठवा, तुमचे निघतील ते पैसे त्याच दिवशी भरा. तुमचे पैसे थकले नाहीत की पुढचं बोलणं सोपं जातं. उत्तर आलं नाही तर आठवड्याने आठवण. तरीही नाही तर वकिलाची नोटीस, सोबत करार, ताब्याचा कागद, मेसेज, बिल आणि मीटरचा फोटो. फोटो नसेल तर वकीलही पहिल्यांदा तोच मागतो.