सीलबंद पाकिटातल्या प्रूफ नाण्यावरचा हिरवा थर

पाकीट कधीच उघडलं नव्हतं, तरी चांदीच्या प्रूफ नाण्यावर (संग्राहकांसाठी खास घडवलेलं चकचकीत नाणं) हिरवट, चिकट थर आला. भिंगातून पाहिलं तर तो अक्षरांच्या खाचांत साचलेला. हे पाकिटाच्या पीव्हीसीचं काम: हे मऊ प्लास्टिक जुनं झालं की त्यातून आम्ल सुटतं आणि धातूला लागतं. पाकीट कापून नाणं काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलं (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात इतर द्रव्यं असतात, खिडकी उघडी, ज्योत लांब). मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा. पुसलं अजिबात नाही. आरशासारख्या प्रूफवर मऊ कापडाचेही ओरखडे उठतात. हिरवा थर गेला. चांदीवरचे दुधी ठिपके आणि सल्फाइडची (गंधकामुळे चांदीवर चढणारी) सोनेरी-निळी छटा मात्र ॲसिटोनने जात नाही. ती छटा मला सुंदरच वाटते, म्हणून राहू दिली. पूर्ण वाळल्यावर नाणं ॲक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये ठेवलं.