‘हाच घ्या’ म्हणणाऱ्या फाइलची गोष्ट

परळच्या अभ्यासिकेतले बारा कॉम्प्युटर मी सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली. पाऊस लागला की आमचं नेट बसतं, म्हणून पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची फाइल, एकदाच उतरवून पेनड्राइव्हने फिरवायचं. परवा त्यात ७झिप या फाइली दाबून बांधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तीन फाइली निघाल्या: ‘७झिप’, ‘७झिप नवीन’ आणि ‘७झिप नवीन हाच घ्या’. ठेवणारा पोरगा परीक्षा संपवून गावी गेलेला.

अशा वेळी टर्मिनलमध्ये शा२५६सम लिहायचं, जागा सोडून फाइलचं नाव द्यायचं. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश. समोर ६४ अक्षरांची ओळ, म्हणजे फाइलचा शा-२५६ ‘हॅश’, येते, ० ते ९ आणि ए ते एफ एवढ्यांतूनच बनलेली. ती फाइलच्या पोटात जे आहे त्यावरून निघते. नाव बदला, ओळ तीच राहते. आतला एक बिट हलला तर ओळखू येणार नाही इतकी बदलते.

पहिल्या दोघींची ओळ एकच निघाली, म्हणजे फाइल एकच. तिसरीची ई३बी०सी४४२ ने सुरू झाली आणि मला हसू फुटलं. शून्य बाइटच्या फाइलचा शा-२५६ कुठेही काढा, हाच येतो. ‘हाच घ्या’मध्ये घ्यायला काही नव्हतंच!

उरलेली फाइल कुठली, हे ‘ॲप्ट-कॅश शो ७झिप’ ही आज्ञा सांगते. त्यात शा२५६ ची ओळ असते. पहिली-शेवटची चार अक्षरं बघून ‘जुळलं’ म्हणू नका. एक ओळ एडिटरमध्ये चिकटवा, दुसरी ‘शोधा’त टाका. कॅपिटल-स्मॉलचा फरक सोडून द्या. हे आपणच करायचं, कारण ॲप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेज उतरवणारं साधन, स्वतः उतरवलेली फाइल सही केलेल्या यादीशी ताडून बघतं, पण पेनड्राइव्हवरून डीपीकेजी या आज्ञेने टाकलेली कुणी ताडत नाही.

हॅश आणि फाइल एकाच पानावरून घेऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये घुसखोरांनी लिनक्स मिंट या प्रणालीच्या साइटवरचे दुवे बिघडवलेल्या आयएसओकडे, म्हणजे प्रणाली बसवायच्या फाइलकडे, वळवले होते. पान ज्याच्या हाती, हॅशही त्याच्याच हाती. ३२ अक्षरांचा एमडी५ हा जुना हॅश तुटकं डाउनलोड पकडायला ठीक, पण एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली २००४ पासून बनवता येतात.

माझी ओळ जुळेना. लगेच पोराला शिव्या घातल्या नाहीत. आवृत्ती जुनी असली तरी हॅश वेगळा येतो. खिडकीजवळची दोन मशीन ३२-बिटची (डेबियनच्या भाषेत आय३८६) आहेत, त्यांचं पॅकेज वेगळं असतं. तिथे तीच आज्ञा दिली आणि सगळी ६४ अक्षरं जुळली. फाइलला ‘७झिप आय३८६’ नाव दिलं, बाकीच्या दोन उडवल्या.