आयव्ही-११ नळ्यांचं घड्याळ: जोडणीआधीची तयारी

आयव्ही-११ म्हणजे उजळून एक आकडा दाखवणारी काचेची निर्वात नळी. चार आकड्यांचं घड्याळ करायचं असलं तरी या नळ्या पाच मागवा. सोव्हिएत काळातला जुना साठा आहे, पुन्हा मिळेलच असं नाही. हातात आल्या की काचेच्या आतला चांदीसारखा डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती नळी बाजूला ठेवा. सोल्डरगन, ब्रेडबोर्ड, वायरी तुमच्याकडे असतीलच.

आता फिलामेंट, म्हणजे नळीतली तापणारी बारीक तार. ते १.५ व्होल्टवर चालतं आणि सुमारे १०० मिलिअँपिअर घेतं. बोर्डावर मात्र हाताशी असतात ५ व्होल्ट, आणि घात तिथेच होतो. मागच्या वेळी मी न मोजता जोडलं आणि नळी क्षणात गेली. म्हणून आधी मोजा. नुसतं मोजूनही भागत नाही. प्रत्येक नळीला वेगळा ३९ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर लावायचा, पण त्याच्या पुढे काहीच जोडलेलं नसेल तर मल्टिमीटर ५ व्होल्टच दाखवणार. नळीच्या जागी १५ ओहमचा रेझिस्टर लावा, कारण तापलेल्या फिलामेंटचा रोध साधारण तेवढा असतो, आणि मग मोजा. १.४ व्होल्टच्या आसपास आकडा आला तरच नळी लावा. थंड फिलामेंटचा रोध याहून बराच कमी भरतो, त्याने घाबरू नका.

तीन फिलामेंटं एकापुढे एक जोडून रेझिस्टर वाचवायचा मोह होतो. तसं करू नका. फिलामेंट हीच या नळीची कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक), त्यामुळे तसं जोडलं तर प्रत्येक नळीची कॅथोड वेगळ्या व्होल्टेजवर बसते आणि आकडे कमीजास्त उजळतात. समांतरच जोडा. खोलीत दिवा चालू असताना तार लाल दिसली तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा मोजा. अडॅप्टर बदलला? पुन्हा मोजा.

ग्रिड (अख्खा आकडा चालू-बंद करणारी जाळी) आणि सेगमेंट (आकड्याच्या उजळणाऱ्या पट्ट्या) यांना एरवी २५ व्होल्ट पुरतात. पण चार आकडे आळीपाळीने पेटवायचे तर तेवढ्यात ते मंद दिसतात, ४० च्या आसपास लागतात. ५ व्होल्टवरून तेवढे चढवायला एमसी३४०६३ ही चिप वापरणार असाल तर तिच्या आतल्या स्विचची मर्यादाच ४० व्होल्ट आहे, बाहेरून मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) लावा. कपॅसिटर ६३ व्होल्टचा घ्या. ही ४० व्होल्टची लाइन चुकून मायक्रोकंट्रोलरच्या (घड्याळाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) पायाला लागली तर तो संपला, म्हणून तिची वायर वेगळ्या रंगाची ठेवा. दोघांच्या मध्ये मॅक्स६९२१ ड्रायव्हर टाका, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या हुकमाने ही लाइन चालू-बंद करणारी चिप. त्याला वीस आउटपुट आहेत, आपल्याला बाराच लागतात: बिंदू धरून आठ सेगमेंट आणि चार ग्रिड.

नळीच्या तारा काचेला लागून वाकवू नका.

वेळेसाठी डीएस३२३१ ही वेळ राखणारी चिप. तिच्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी वाट असते. सीआर२०३२ सेल चार्ज होत नाही, तेव्हा तिथला डायोड किंवा रेझिस्टर आधी काढा.

प्रोग्रॅममध्ये एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना सगळं क्षणभर विझवा, नाहीतर शेजारच्या आकड्याची सावली दिसते. रात्री उजेड कमी हवा असेल तर ग्रिड पेटण्याचा वेळ कमी करा, फिलामेंटला हात लावू नका. पेटी शेवटी, कशाचीही चालेल, रेझिस्टर तापतात म्हणून मागे भोकं ठेवा.