संपलेल्या सेलवर पेटणारा एलईडी

रिमोट आणि घड्याळातले संपलेले सेल मी लगेच टाकून देत नाही, एका डब्यात जमवतो. घरात त्या डब्याला 'स्मशान' म्हणतात. पण मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावून पाहा, त्यातले बरेच सेल अजून १ व्होल्टच्या आसपास दाखवतात. अडचण अशी की पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या वर लागतं. त्याच्यापुढे नवाकोरा दीड व्होल्टचा सेलसुद्धा तोकडा पडतो.

ही कमतरता 'ज्यूल थीफ' नावाचं छोटंसं सर्किट भरून काढतं. गुंडाळीतून वाहणारा प्रवाह अचानक तोडला की गुंडाळी तो चालू ठेवायला धडपडते आणि व्होल्टेज उसळतं. ट्रान्झिस्टर हा तीन पायांचा भाग स्विचसारखा वागून ही तोडजोड सेकंदाला हजारो वेळा करतो. एलईडी खरं तर लुकलुकत असतो, डोळ्याला ते कळत नाही इतकंच.

सामान थोडकं: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, लाल), पांढरा एलईडी, दोन रंगांची बारीक तार आणि फेराइटची (काळपट चुंबकीय सिरॅमिकची) रिंग. रिंग जुन्या सीएफएल दिव्याच्या सर्किटात मिळते. फक्त काच फोडू नका, आत पारा असतो. रिंगऐवजी लोखंडी खिळा चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. एवढ्या वेगाच्या तोडजोडीत भरीव लोखंड ऊर्जा खाऊन टाकतं.

आता गुंडाळी. लाल आणि हिरवी तार, प्रत्येकी अर्धा मीटर, शेजारी शेजारी धरा आणि दोन्ही एकदमच रिंगमधून ओवत १५-२० वेढे घ्या. वेढा एखादा कमीजास्त झाला तरी बिघडत नाही. मग लालचं सुरुवातीचं टोक आणि हिरव्याचं शेवटचं टोक एकत्र पिळा. ही जोडी सेलच्या प्लसला. बेस, कलेक्टर आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय. लालचं उरलेलं टोक रेझिस्टरमधून बेसला, हिरव्याचं कलेक्टरला. एमिटर सेलच्या मायनसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड पाय एमिटरला.

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसरा नंबर वापरलात तर आधी पाय तपासा. २एन३९०४ मध्ये हा क्रम नेमका उलटा आहे.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन्ही सुरुवातीची टोकंच एकत्र पिळली होती. एलईडी ढिम्म. दोन एलईडी बदलले, ट्रान्झिस्टर बदलला, सेलला शिव्या घातल्या. शेवटी ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं तर तो कोमट लागला. म्हणजे तो सतत चालूच होता, प्रवाह तुटतच नव्हता. एकाच तारेची दोन टोकं अदलाबदल केली आणि एलईडी लख्ख पेटला. त्यामुळे तुमचाही पेटला नाही तर आधी हेच करा. वार्निशची तार वापरली असेल तर टोकं पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत घासलीत ना, तेही बघा.

एक गंमत: पेटलेल्या एलईडीवर मीटर डीसीवर लावला तर तो जेमतेम सेलएवढंच व्होल्टेज दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. तो सरासरी दाखवतो, आणि गुंडाळीवरची सरासरी शून्य असल्यामुळे कलेक्टरवर सेलचंच व्होल्टेज उरतं. उसळी बघायची तर व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप हवा. पण सर्किट चालू असताना एलईडी काढू नका; उसळीला दुसरी वाट नसली की ती ट्रान्झिस्टरवर येते.

रिचार्जेबल सेल इथे लावू नका, इतके खाली उतरवले की ते कायमचे खराब होतात. साधा सेल मात्र अर्ध्या-पाऊण व्होल्टपर्यंत पिळून निघतो. उजेड मिणमिणता झाला की तो काढून घ्या, नाहीतर गळतो. माझ्या पहिल्या होल्डरच्या स्प्रिंगवर अजून पांढरी पूड चिकटलेली आहे.