फिजिओथेरपीच्या उपचारांत या चुका टाळा

शेक देणे हे फिजिओथेरपीतील सर्वांत सोपे काम आहे, असे नवशिक्यांना वाटते आणि माझ्या पाहण्यातील पोळण्याचे बहुतेक प्रसंग याच समजुतीतून घडले आहेत. हॉट पॅक, म्हणजे शेकण्याच्या पिशव्या, ज्या पाण्यात तापवतात त्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर असते, म्हणून पॅक आणि त्वचा यांच्यामध्ये टॉवेलचे सहा-आठ पदर ठेवावे लागतात. माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ मुलाने मधुमेह असलेल्या आजोबांच्या घोट्यावर पॅक ठेवला. आजोबा म्हणाले, "काहीच गरम लागत नाही." त्यावर त्याने दोन पदर काढले आणि तो पुढच्या रुग्णाकडे गेला. वीस मिनिटांनी पॅक उचलला तेव्हा त्वचेवर फोड आलेले होते आणि आजोबांना त्याचा पत्ताही नव्हता. मधुमेहात पायांची संवेदना बोथट होऊ शकते, त्यामुळे ते वाक्य कानावर पडताच पॅक बाजूला करायला हवा होता. संवेदना तपासली का, हे मीही त्याला विचारले नव्हते. आता मी रुग्णाला डोळे मिटायला सांगून गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या आलटून पालटून त्वचेला लावतो. फरक ओळखता आला नाही, तर त्या जागी शेक देत नाही. पाच मिनिटांनी पॅक उचलून त्वचा पाहतो. गजर लावून निघून जाणे मला आळस वाटतो, मग बाहेर कितीही गर्दी असो.

बर्फही कापडात गुंडाळूनच लावावा आणि वीस मिनिटांच्या पुढे ठेवू नये. टेन्सचे, म्हणजे दुखणे कमी करण्यासाठी त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्राचे, पॅड गळ्याच्या पुढच्या बाजूला लावू नयेत, आणि पेसमेकर आहे का, हे यंत्र सुरू करण्याआधी विचारावे. अल्ट्रासाऊंडचे, म्हणजे ध्वनिलहरींनी उपचार करणाऱ्या यंत्राचे, त्वचेवर फिरवायचे हेड एका जागी धरून ठेवू नये. हेडखाली लावायच्या जेलमध्ये कंजुषीही नको, कारण मध्ये हवा राहिली तर लहरी शरीरात शिरतच नाहीत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती अर्धा तास यंत्राखाली झोपवून "व्यायाम घरी करा" असे सांगण्याची. यंत्राने दुखणे काही काळ कमी होते, पण स्नायूंत बळ येत नाही. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली दिसते ती मुख्यतः मज्जासंस्था आहेत त्याच स्नायूंचा अधिक चांगला वापर करू लागल्यामुळे. स्नायू प्रत्यक्ष भरायला त्याहून अधिक काळ लागतो. टाचेमागच्या स्नायुबंधाच्या जुनाट दुखण्यासाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा जो व्यायाम रूढ आहे, तोही बारा आठवड्यांचा असतो. उतावीळ रुग्ण तिसऱ्या आठवड्यात तो सोडतात आणि नवे यंत्र मागतात, आणि उतावीळ थेरपिस्ट ते लावूनही देतात. मी एका वेळी तीनच व्यायाम देतो आणि निघण्यापूर्वी ते माझ्यासमोर करून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर व्यायाम बंद न करता फक्त फेऱ्या कमी करायला सांगतो.