शेडनेटमधील गांधीलमाश्यांचे पोळे उतरवण्यापूर्वीची तयारी

पोळे काढायलाच हवे का, हे सर्वांत आधी ठरवावे. बांधावरच्या बाभळीवर किंवा विहिरीच्या कपारीत असलेले गांधीलमाश्यांचे पोळे कोणाच्या वाटेत येत नसेल, तर त्याला हात लावू नये. या माश्या पिल्लांना भरवण्यासाठी दिवसभर अळ्या पकडून नेतात, आणि कपाशी, मका, टोमॅटो यांवरच्या अळ्या अशा फुकटात वेचल्या जाणार असतील तर सेंद्रिय शेती करणाऱ्याने त्यात मोडता घालण्याचे कारण नाही. पिकावर सावलीसाठी उभारलेल्या जाळीच्या शेडच्या दारावर, ठिबकच्या व्हॉल्व्हजवळ, मजुरांच्या डोक्याच्या उंचीवर किंवा मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत झालेले पोळे मात्र काढावेच लागते. शेतीची वीज रात्रपाळीत असली की अंधारात त्याच पेटीत हात घालावा लागतो, आणि तो हात बहुधा सालदाराचा असतो.

मग पोळे कोणाचे आहे ते नीट पाहावे. भिंतीला चिकटवलेली मातीची घरटी एकट्या राहणाऱ्या कुंभारमाशीची असतात. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, तेव्हा तिला राहू द्यावे. कागदासारख्या पदार्थाचे, देठाला लोंबणारे आणि खालून घरे उघडी दिसणारे पोळे नेहमीच्या गांधीलमाशीचे असते, आणि पुढची सगळी तयारी फक्त त्याच्याचसाठी आहे. भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीतल्या बिळात ये-जा करणाऱ्या मोठ्या, तपकिरी-पिवळ्या माश्या असतील, किंवा झाडावर आग्या मोहोळ असेल, तर जाणकार माणसालाच बोलवावे. तेथे घरगुती धाडस करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. एक पोळे दिसले म्हणजे एकच आहे असे समजू नये आणि दुसरे पोळे शोधल्याशिवाय पहिल्याला हात लावू नये. गेल्या वर्षी माझ्याकडून नेमके हेच राहिले आणि त्याची शिक्षा शिडी धरणाऱ्याला भोगावी लागली. शेडनेटचा सांगाडा म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पाइपांची एकच चौकट असते. एका टोकाला शिडी टेकवली की हादरा दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि तिकडच्या पोळ्यावरच्या माश्या चवताळून उठतात. म्हणून आदल्या दिवशी उजेडात, लांब उभे राहून, माश्या कोठे ये-जा करतात ते स्वस्थपणे पाहत राहावे. गटरीची खालची बाजू, पाइपांची उघडी तोंडे, पडद्याच्या गुंडाळीची घडी, फिल्टरच्या खोलीचे पत्रे, उलटे ठेवलेले क्रेट आणि वापरात नसलेला फवारणी पंप, यांतील प्रत्येक जागा पाहावी. पाइपाच्या तोंडात डोळा लावून मात्र पाहू नये. जेथे माशी शिरताना दिसेल त्या पाइपाला खडूने खूण करावी, म्हणजे रात्री शिडी कोठे टेकवायची नाही ते कळेल.

माश्या आपल्याकडेच का येतात, याचाही विचार त्याच फेरीत करावा, नाहीतर पोळे काढूनही महिनाभरात नवे दिसेल. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा या माश्या पोळे थंड ठेवण्यासाठी पाणी वाहून नेतात, त्यामुळे गळका ड्रिपर, कूलरची टाकी आणि हौदाचा ओला काठ ही त्यांची पाणवठ्याची ठिकाणे होतात. दुसरे आकर्षण आपणच तयार करून ठेवतो: जीवामृताचा, म्हणजे शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेल्या सेंद्रिय द्रावणाचा पिंप. 200 लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून पिंप शेडच्या दाराशी उघडा ठेवायचा आणि वर गांधीलमाश्या फार झाल्या म्हणून तक्रार करायची, याला काय म्हणावे? पिंपावर ओले गोणपाट पुरत नाही. दाट विणीचे कापड दोरीने घट्ट बांधावे आणि पिंप शेडपासून दूर न्यावा. गळालेल्या पपया, पिकलेले पेरू आणि केळीचा फेकलेला माल रोज उचलून खड्ड्यात मातीआड करावा. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या चिकट गोड स्रावावरही माश्या येतात, तेव्हा या किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी वेळेवर करावी. निंबोळी अर्क थेट गांधीलमाशीवर मारून फारसे काही साधत नाही, आणि कागदी पिशवी फुगवून खोटे पोळे टांगण्याच्या उपायावर माझा विश्वास नाही. गूळ-पाण्याच्या बाटलीचा सापळा लावायचाच असेल तर त्यात थोडे व्हिनेगर घालावे, म्हणजे मधमाश्या कमी फसतात. आणि तो शेडच्या आत कधीच लावू नये, नाहीतर बाहेरच्या माश्यांनाही आपणच आत बोलावल्यासारखे होते.

साहित्य थोडेच लागते. एका लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासण्याचा द्रव साबण पुरेसा होतो. साबणाच्या पाण्याने माशीचे पंख भिजतात, तिची श्वासछिद्रे बंद होतात आणि विषारी औषधाची गरज उरत नाही. पंप मात्र नवा किंवा फक्त याच कामाचा असावा. तणनाशकाचा पंप धुऊन वापरला तर 2,4-डीचा राहिलेला अंशही कपाशी, टोमॅटो आणि पपई यांना पुरतो, हे आपल्या भागात कोणाला नव्याने सांगावे लागू नये. फिक्या रंगाचे जाड, पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली पॅन्ट, हातमोजे, मधपाळाची जाळी, झाकणाची बादली आणि लांब दांड्याचा खरवडा घ्यावा. अत्तर आणि सुगंधी तेल लावू नये. टेंभा तर मुळीच नको, कारण शेडनेट प्लास्टिकचे असते आणि उन्हाळ्यात शेजारचा पालापाचोळाही क्षणात पेटतो.

वेळ सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार पडल्यावरची असावी, कारण तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर असतात. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहाटेच्या थंडीत त्या आणखी सुस्त असतात. टॉर्च हातात धरू नये, माश्या उजेडावर येतात. ती लाल कागद लावून जमिनीवर बाजूला ठेवावी. शेडचे दार उघडे असावे आणि पळण्याची वाट मोकळी असावी. शिडी उचलण्यापूर्वी पुन्हा एकदा खुणा केलेले पाइप पाहावेत. दुसरे पोळे राहिलेले नाही ना, हे बरोबरच्या माणसाकडूनही तपासून घ्यावे, आणि त्याने कंटाळून ‘नाही हो, नाही’ म्हटले तरी फेरी पूर्ण करावी.

पूर्वी डंखाने अंगभर पित्त उठलेले किंवा श्वास अडकलेले असेल, अशा माणसाने या कामात येऊ नये. गांधीलमाशीच्या डंखाला मधमाशीसारखे अडकून राहणारे काटे नसल्याने ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. एखाद-दुसरा डंख असेल तर साबणाने धुऊन थंड फडके ठेवावे. ओठ, जीभ किंवा घसा सुजला, चक्कर आली, दम लागला, किंवा एकदम बरेच डंख बसले, तर चुना-हळद लावत बसू नये. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. शेताचा रस्ता रात्री गाडीसाठी मोकळा आहे का, हे आधीच पाहिलेले असावे.

प्रत्यक्ष काम थोडक्यात. खालच्या पिकावर ताडपत्री पसरावी, पोळे साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवावे, हालचाल थांबेपर्यंत मागे सरून थांबावे, मग ते बादलीतल्या साबणाच्या पाण्यात पाडून झाकण लावावे. माश्या चिरडू नयेत, त्या वासाने उरलेल्या चवताळतात. देठाची जागा खरवडून धुवावी.

सकाळी बादली पुरावी, पानांवर साबण उडाला असल्यास साध्या पाण्याने धुवावे, बाहेर राहिलेल्या माश्या त्या जागेभोवती घिरट्या घालतील म्हणून दिवसभर तेथे मजूर लावू नयेत. पाइपांच्या तोंडांना टोप्या बसवाव्यात, पण आत पोळे नाही याची खात्री करूनच. फाटलेले नेट शिवावे, आणि दर आठवड्याला गटरीखाली नजर टाकावी. दुसरे पोळे तेथेच असते.