लेझर कॅव्हिटी जुळवताना या चुका टाळा

हीलियम-निऑन लेझरची उघडी कॅव्हिटी (समोरासमोरचे दोन आरसे आणि मधे गॅसची नळी) समोर आली की विद्यार्थ्यांचा हात थेट आरशाच्या स्क्रूंकडे जातो. दरवर्षी हेच बघते. आधी मोजायची टेप घ्या. बीम किती जाड निघेल, किती पसरेल, मुळात निघेल का, हे आरशांची वक्रता आणि त्यांच्यातलं अंतर ठरवतं.

एका गटाकडे एक आरसा सपाट होता, दुसरा ४५ सेंमी वक्रता त्रिज्येचा अंतर्वक्र. नळी पेटली होती, ब्रूस्टर खिडक्या (नळीच्या टोकांच्या तिरप्या काचा) लख्ख पुसलेल्या होत्या, तरी दुपारभर स्क्रू फिरवून लाल ठिपका काही दिसेना. शेवटी मंडळी पॉवर सप्लाय बदलायला निघाली. मी अंतर मोजायला लावलं, तर ४८ सेंमी! या रचनेत अंतर त्रिज्येच्या पुढे गेलं की किरण फेरीगणिक अक्षापासून लांब जात राहतो. हीलियम-निऑनचा गेन (नळीतून जाताना प्रकाशात होणारी वाढ) इतका कमी असतो की एवढी गळती त्याला झेपत नाही. आरसा ३८ सेंमीवर आणून नव्याने जुळवला आणि लेझर लागला.

मग काहीजण घाबरून आरसे फारच जवळ आणतात. याच आरशांत अंतर ४० सेंमी असेल तर वक्र आरशावरच्या मूळ मोडचा (बीमच्या एका गोल ठिपक्याच्या, सर्वांत साध्या रूपाचा) व्यास साधारण १ मिमी येतो. २५ सेंमीला तो ०.६४ मिमीच उरतो. नळीचं भोक मात्र तेवढंच. मोकळ्या जागेत वरचे मोड (बीमची तुकड्यातुकड्यांची रूपं) शिरतात आणि भिंतीवर एका ठिपक्याऐवजी दोन-चार तुकडे दिसतात. अशा वेळी बाहेर पिनहोल (बारीक भोकाची चकती) लावून बीम ‘स्वच्छ’ करण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. नको त्या मोडमध्ये गेलेली पॉवर त्याने परत मिळत नाही. मी आयरिस (भोक लहान-मोठं करता येणारा पडदा) कॅव्हिटीच्या आत, वक्र आरशाजवळ ठेवते आणि तुकडे जाईपर्यंत हळूहळू मिटते. आत अडवलं की तो गेन मूळ मोडला मिळतो. त्यानंतर अंतर थोडं थोडं वाढवते, दर वेळी स्क्रू पुन्हा जुळवत. याला वेळ लागतो, तो द्यावाच.

आरशाच्या डबीवरचा आकडा त्रिज्येचा की नाभीय अंतराचा, ते बघा. त्रिज्या दुप्पट असते.

दोन्ही आरसे सपाट घेऊ नका, अलाइनमेंट जराही हलली की लेझर बंद पडतो.

बीम शक्यतो सपाट आरशातून बाहेर काढा. त्याची कंबर, म्हणजे सर्वांत बारीक जागा, तिथेच असते, त्यामुळे पुढची लेन्स निवडताना हिशेब सोपा जातो.